जा

अजमानच्या धक्क्यावर दिवसभर
मी लाँचींची इंजिनं उघडतो.
नुसत्या आवाजावरून सांगतो खोट कुठे आहे.
पिस्टनच्या मनात काही नसतं. सोपं काम आहे.

बुधवारी रात्री एसी बंद पडला.
ऑगस्ट. खिडकी उघडली तर आणखी उकाडा आत.
बोलणं निघालं हर्णैला पाठवलेल्या पैशांवरून,
मग माझ्या बहिणीच्या घराच्या स्लॅबवरून,
मग त्या स्लॅबात गेलेल्या बांगड्यांवरून,
आणि मी म्हटलं,
"जा. जा तुझ्या बापाच्या घरी."
तहुरा भांडी विसळत होती.
नळ बंद केला, हात पुसले.
"जाते," म्हणाली.

आमच्यात जाते कुणी म्हणत नाही.
होडीवर चढणारा म्हणतो येतो,
दोन वर्षांच्या व्हिशावर निघालेलाही म्हणतो येतो.
लहानपणी एकदा मी उंबऱ्यातून जातो म्हणालो,
तर आईनं परत आत बसवून पाणी पाजलं
आणि वाक्य बदलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अस्रनंतर मी मशिदीत थांबून राहिलो.
मौलवी मलबारचे, आमच्यासारखेच शाफई.
त्यांची उर्दू मोडकी, माझी त्याहून.
तलाक हा शब्द काढलास?
नाही.
काढला असतास तर विचारायचं काही उरलं नसतं,
तो उघडा शब्द, थट्टेतही कापतो.
हा झाकलेला आहे.
आत काय ठेवलं होतंस, तूच सांग.
आणि नियत शब्दाबरोबर हवी.
मागून धापा टाकत आली तर ती धरत नाहीत.

पंख्याखाली बसून मी तो एक क्षण उघडला,
बोल्ट एकेक काढून कापडावर मांडावेत तसा.
पहिल्या जा-मध्ये घाम होता, दुसरं काही नाही.
दुसऱ्या जा-मधला ज अजून रागाचा,
पण त्याच्या कान्यापाशी
तिच्या बापाचं गळकं छप्पर मला दिसलं होतं,
आणि बरं वाटलं होतं.
सोडायचं मनात नव्हतं. शप्पथ नव्हतं.
तिला लागावं, एवढंच होतं.

तसं सांगितलं.
मौलवी बराच वेळ दाढीतून बोटं फिरवत राहिले.
म्हणाले, मग निकाहाला काही लागलं नाही.
लागलं ते तुझ्या हिशेबात लागलं.
घरी जा.
(त्यांचाही तोच शब्द. पण किती हलका.)

घरी बॅग दारापाशी होती, चेन अर्धी ओढलेली.
मी म्हटलं, काही झालेलं नाही, विचारून आलो.
माझी नियत नव्हती.
तहुरानं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"तुला विचारलं त्यांनी, नियत काय होती.
बोलणाऱ्याला असते ना ती.
ऐकणाऱ्याचं काय?
कानात गेलं ते बाहेर कुठून काढू?"
मला उत्तर येत नव्हतं.
एसीचा माणूस आला होता म्हणे, गॅस भरून गेला,
ऐंशी दिरहम.
खोली गार होती. तेवढ्यापुरतं बरं वाटलं,
आणि त्या बरं वाटण्याचीही मला भीती वाटली.

बॅग आज आठवडाभर तिथेच आहे.
ती ओलांडून आम्ही ये-जा करतो.
आज संध्याकाळी तिनं ओढणी घेतली,
किल्ली घेतली, दार उघडलं.
दारात थांबली.
मी चहाचा कप तसाच धरून बसलो,
ती कुठलं क्रियापद उचलते ते ऐकायला.

"दही आणते," म्हणाली.